दोनाचे चार

चूक माझीच होती.
रेहानाच्या अक्षरातला दोन
बगळ्यासारखा मान वळवून स्वच्छ बसलेला.
मीच रात्री दीडला, लाइट जाऊन आल्यावर,
अठ्ठाविसाचे अठ्ठेचाळीस केले
आणि पान सोडलं.

साप्ताहिक बोरीकाठ. पानं चार, किंमत तीन रुपये,
अंक सातशे, त्यातले दोनशे उधार.
त्या आठवड्यात पहिल्या पानावर टाकी होती,
टेकडीवरची, नगरपालिकेची,
तीन वर्षांपूर्वी फीत कापलेली.

रेहाना पिंजारी शिडीनं वर चढली होती
भर मे महिन्यात, लोखंड चटके देत असताना.
झाकण सरकवून तिनं आत हाक मारली
आणि तिचाच आवाज कोरडा होऊन परत आला.
तळाला पारव्याचं घरटं, दोन अंडी,
गवंड्याची विसरलेली एक थापी.
तिनं वहीत लिहिलं :
भिंतीवर पाण्याची खूण नाही.
एवढंच. विशेषण एकही नाही.
विशेषणं सुपडूअण्णा ठेवतच नाहीत,
मुगातले खडे वेचावेत तशी वेचतात.

शनिवारी सकाळी नगराध्यक्षांचे धाकटे बंधू
चहाच्या भरल्या दुकानात
अंक फडकवत उभे राहिले :
"अठ्ठेचाळीस लाख म्हणे! खोटारडे लेकाचे!
अरे, अठ्ठावीस लागले, अठ्ठावीस!
कागद आहेत आमच्याकडे!"
चौक हसला.
चौक कुणाच्याही बाजूनं हसतो.

मी टेबलासमोर मान घालून उभा.
अण्णांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"दोनाचे चार लग्नात होतात, हिलाल,
छापखान्यात नाही."
म्हटलं, अण्णा, शेवटच्या पानावर टाकू,
लिलावाच्या नोटिशीखाली, बारीक अक्षरात.
ते म्हणाले,
"ज्या आवाजात चुकलो
त्याच आवाजात सांगू."

पुढच्या शनिवारी, पहिलं पान, तेच अक्षर, तीच जाडी :
आम्ही चुकलो.
टाकीवर अठ्ठेचाळीस लाख खर्च झालेले नाहीत.
अठ्ठावीस झाले,
असे नगराध्यक्षांच्या बंधूंनी चौकात सांगितले.
टाकीत पाणी नाही, ही बातमी कायम आहे.

चौक हसला नाही.
चौकानं आधी बोटांवर मोजलं.

सात नंबर वॉर्डातल्या केशरबाई कोळी,
ज्यांच्या नळाला बाराव्या दिवशी धार येते,
पदराच्या गाठीत तो अंक बांधून सभेला गेल्या.
वाचता येत नाही त्यांना. नातवानं वाचून दाखवला होता, दोनदा.
उभ्या राहिल्या :
"छापनारानी त्येनी चूक कबूल करी टाकी.
आते तुमी सांगा.
अठ्ठाईस लाखनी टाकी से,
पानी कोठे से?"

माइक बंद पडला तेव्हा.
केशरबाईंना माइक लागत नाही.

पुढचं सगळं सरळ नाही.
पालिकेच्या जाहिराती थांबल्या, पानं चाराची दोन झाली.
रेहानाच्या गाडीच्या टाकीत कुणी साखर ओतली.
चौकशीला एक साहेब आले,
वर बघून आले, भरीत खाऊन गेले, अहवाल येतोय.
पारव्याची पिल्लं उडून गेली.
पाणी मात्र बाराव्याऐवजी नवव्या दिवशी येतं,
का येतं ते कुणीच सांगत नाही,
आणि आम्हीही श्रेय छापलं नाही,
कारण पुरावा नव्हता.

आता पान सोडण्याआधी मी आकडे मोठ्यानं वाचतो,
रेहाना डोळे मिटून ऐकते.
अठ्ठावीस.
अठ्ठावीस.
बाहेर कुत्रं भुंकतं, अण्णा खोकतात,
आम्ही पुन्हा पहिल्यापासून.

आणि टेकडीवर, टाकीच्या पोटावर,
चुन्यानं कुणीतरी मोठ्ठा दोन काढलाय,
मान वळवून बसलेला. शेजारी आठ.
पालिका दर महिन्याला त्यावर रंग मारते.
रंग बहुतेक त्याच अठ्ठावीस लाखांतला,
टिकत नाही.